चोरस्विच

“चोरस्विच चोरासाठी नसतोय ओ ताई. चोर काय, टोचन लावून वडत न्हील. ह्यो घरातल्या माणसासाठी असतोय.” मिस्त्री हे बोलले तेव्हा ते आमच्या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये उताणे पडले होते. डोकं बैठकीच्या लाकडी चौकटीत, पाय दाराबाहेर. तोंडात धरलेली छोटी टॉर्च काढून त्यांनी एवढं वाक्य टाकलं, टॉर्च परत तोंडात धरली आणि पोराकडं पक्कड मागितली. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या तळहातावर त्यांनी काढून दिलेला काळ्या बॅकेलाइटचा गोल स्विच होता. जुन्या वाड्यांतून भिंतीवर, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला असायचा तसला, पितळी दांडीचा. दांडीवर हिरवा थर, आणि आतून काहीतरी खुळखुळत होतं. तो कुणी बसवला असणार हे विचारायची गरज नव्हती. आजोबांशिवाय त्या गाडीला स्क्रू लावायची कुणाची टाप नव्हती. प्रश्न पुढचा होता. घरातल्या कुठल्या माणसासाठी? घरी येताना, रात्री भांडी विसळताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसात व्हाउचर तपासताना ते वाक्य मधेच उगवायचं. आमच्या आजोळी आजोबांबद्दल वावगा शब्द कुणी काढत नाही. त्यांच्या फोटोला अजून रोज हार असतो. त्या माणसानं आपल्याच माणसांपासून गाडी कुलपात ठेवावी, तीही कुलूप आहे हे कुणाला कळू न देता, हे मला कुठंतरी लागलं. आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

गाडी म्हणजे 1951 चा शेवरोलेट ट्रक. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि 1954 साली गुंडाळला. त्या शेवटच्या वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या गाड्यांपैकी ही एक. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, फुगीर मडगार्ड, पुढं आडव्या पट्ट्यांची जाळी. आजोबांनी ती कुणा व्यापाऱ्याकडून जुनी घेतली आणि तिच्यावर आयुष्यभर गूळ वाहिला, प्रयाग चिखलीकडच्या गुऱ्हाळांवरून शाहूपुरीच्या पेठेत. हंगामात दिवसाला किती खेपा व्हायच्या ते आता सांगायला कुणी उरलं नाही, पण हौद्याच्या फळ्यांना विचारलं तर कळतं. त्यांच्या शिरांत गूळ इतका मुरलाय की अजून वळवाचा पाऊस पडायच्या आधी मुंगळे त्या फळ्यांवरून फिरताना दिसतात. काही मिळत नाही, तरी फिरतात. हल्ली लोक व्हिंटेज, व्हिंटेज म्हणत तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. माझ्या लहानपणी हीच माणसं भंगाराचा भाव सांगायला यायची.

मग 2019 चा ऑगस्ट आला. पंचगंगेची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असते, पण त्या वर्षी आकडे सांगण्यात अर्थ उरला नव्हता. पाणी शेडमध्ये शिरलं, चाकं गेली, पायऱ्या गेल्या, केबिनची फळी गेली. उतरल्यावर सगळ्यावर एकसारखा करडा गाळ होता आणि त्याचा तो वास, ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णन करायला नको. इंजिन एका गॅरेजनं उघडून धुतलं, ऑइल बदललं, टाकी साफ केली, कार्बोरेटर केला. ते काम त्यांनी चांगलं केलं. वायरिंगकडं मात्र कुणी पाहिलं नाही, कारण वायरिंग वरून ठीक दिसत होतं. हीच तर वायरची खोड. जुन्या गाडीची वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची जुडी, वर रबर, त्यावर सुती विणकाम. टोक पाण्यात राहिलं की वातीतून तेल चढावं तसं पाणी तारांच्या फटींतून आत आत चढतं आणि तिथं बसून तांबं खातं. वरचं कापड सुकतं, रंगही परत येतो. आतून वायर हिरवी भुकटी होत जाते.

त्यामुळं गाडी चालू व्हायची ती मर्जीवर. एखाद्या सकाळी पहिल्या दाबाला इंजिन पकडायचं आणि शेड भरून निळा धूर व्हायचा. दुसऱ्या दिवशी सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, नुसता कण्हायचा, एकदा फिरून थांबायचा. कधी सेल्फ टणटणीत, पण ठिणगीचा करंट नाही. इंजिन फिरतंय, फिरतंय, आणि फुरकतसुद्धा नाही. दोन दुखणी एकत्र असली की घोळ होतो तो असा. एक दिवस तुम्ही एकाच्या मागं लागता, तेवढ्यात ते बरं होतं आणि दुसरं डोकं काढतं. एका दुकानात सेल्फ उतरवून दिला. त्यांनी बुश बदलले, कार्बन बदलले, आर्मेचर घासून टेबलावर बॅटरी लावून फिरवून दाखवला. भन्नाट फिरला. गाडीत चढवला की पुन्हा कण्हणं. दुकानदार म्हणाला, आमच्याकडं फिरतोय म्हणजे आमचं काम झालं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, पण तेव्हा मला राग आला होता.

या मिस्त्रींचा पत्ता उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं दिला. “ते आता कुणाकडं जात न्हाईत, पण पेट्रोल ट्रक म्हटल्यावर येतील.” उद्यमनगरात शिरलं की मला नेहमी बरं वाटतं. रस्त्यावर लोखंडाच्या चुऱ्याचा चकचकाट, कूलंटचा आंबट वास, आणि प्रत्येक शटरआड एक माणूस मान खाली घालून काहीतरी थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, मापात बसवत असतो. इथल्या यंत्र-उद्योगाचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं निघणारं हे गाव आहे. इथं यंत्र बिघडलं तर पार्ट मागवायच्या आधी पार्ट बनतो का ते बघतात. मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक खोली आणि खोलीबाहेरचा ओटा. ओट्यावर कटआऊट, डायनामोच्या बॉड्या, कशाकशाचे गुंडाळे. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “पायाचा सेल्फ हाय का चावीचा?”

पायाचा. या गाडीत चावी फक्त इग्निशनची. चावी फिरवायची, चोक ओढायचा आणि मग फळीवरचं बटण पायानं दाबायचं. त्या बटणाची दांडी आधी सेल्फचा छोटा गिअर ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवते, आणि पाय तळाला टेकला की वरचा जाड कॉन्टॅक्ट मिळून बॅटरीचा सगळा जोर सेल्फवर जातो. मधे रिले नाही, सोलेनॉइड नाही. मिस्त्री खूश झाले. “मग दोन गाड्या समजा. सेल्फची येगळी, करंटची येगळी. आधी एक मिटवू.”

माझा भाऊ त्या रविवारी पुण्याहून आला होता, डिजिटल मीटर घेऊन. तो इंजिनिअर आहे. त्यानं मिस्त्री यायच्या आधीच सगळीकडं मीटर लावून वहीत आकडे लिहिले होते. बॅटरी 12.6. सेल्फच्या नटावर 12.6. ठिणगीसाठी जोर चढवणाऱ्या कॉइलवर 12.5. (मूळ गाडी 6 व्होल्टची, पण तसल्या बॅटऱ्या मिळेनात म्हणून आजोबांनी कधीतरी ती 12 वर नेली होती, कॉइलच्या आधी चिनीमातीचा रेझिस्टर टाकून.) भावाचं म्हणणं, करंट सगळीकडं पोचतोय, तेव्हा दोष इंजिनात. मिस्त्रींनी वही बघितली, मान हलवली, आणि पिशवीतून हेडलाइटचा एक बल्ब काढला. दोन वायरी डाख लावून जोडलेल्या, टोकाला चिमटे. “तुमचं मीटर काय खातंय का?” त्यांनी भावाला विचारलं. भावाला प्रश्न कळला नाही. मला आधी कळला, याचा मला अजून आनंद आहे.

मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. आतून कुजलेल्या वायरीतली एखादी तार जरी शाबूत असेल, तरी मीटरला 12 व्होल्ट दिसतात. 55 वॉटचा बल्ब मात्र साडेचार अँपियर मागतो, आणि मागितलं की ती एक तार उघडी पडते. सेल्फ तर 200 अँपियरची भाषा करतो. एवढ्या करंटला वाटेत ओहमचा शंभरावा हिस्सा जरी अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथंच जळून जातात. शंभरावा हिस्सा म्हणजे गंजलेला एक वॉशर. आणि टेबलावर मोकळा फिरणारा सेल्फ काय सिद्ध करतो? त्याच्यावर सहा पिस्टन दाबायचं ओझंच नसतं. भाऊ ऐकत होता. चेहरा पडला होता, पण तो तसा प्रामाणिक आहे; त्यानं वहीत आधीच्या आकड्यांवर काट मारली आणि नवीन पान उघडलं.

मिस्त्रींनी मला पाय दाबायला सांगितला. सेल्फ कण्हला. दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यावर ते म्हणाले, बस. मग बॅटरीपासून सुरू करून एकेक जोड बोटांच्या पाठीनं चाचपत गेले. प्लसचा लग, म्हणजे वायरीचं टोक, गार. सेल्फचा नट गार. मायनसचा लग गार. चेसिसला जिथं अर्थची पट्टी पिळलेली होती तिथं त्यांनी माझा हात धरून लावला आणि मी चटकन मागं घेतला. चटका बसावा इतकं गरम. “हितं तुमची बॅटरी जळायलीय. सेल्फपातूर जातीय कुठं?” इंजिन रबरच्या गुटक्यांवर बसलेलं असतं, चेसिस आणि इंजिन यांच्यात वीज जायला ही विणलेली पट्टी एवढीच वाट. पुरानंतर कुणीतरी चेसिसला हौसेनं काळा रंग मारला होता, पट्टीच्या खालीसुद्धा. रंग, गंज, परत रंग. मिस्त्रींनी एक जाड केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या बोल्टला लावली आणि मला मान हलवून खूण केली. पाय दाबला तर शेडचे पत्रे थरथरले. इतक्या जोरानं ते इंजिन फिरताना मी लहानपणापासून ऐकलं नव्हतं.

इंजिन फिरलं, पण पेटलं नाही.

“ही झाली एक गाडी,” म्हणून मिस्त्री चहाला बसले. चहा झाल्यावर डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली. कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट बघितले, पॉलिश पेपरची पट्टी मधे घालून दोनदा ओढली, फिलर गेजनं अठरा थाऊ लावले. त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं होतं की बोलता बोलता झालं. मधली जाड वायर काढून इंजिनच्या अंगापासून बोटभर लांब धरली, पोराला पाय दाबायला सांगितलं. ठिणगी आली, पण पिवळी, बारीक, येते-न-येतेशी. निळी आणि टक्क आवाजाची हवी. मग बल्ब निघाला. चावीच्या मागच्या स्क्रूवर बल्ब लख्ख. रेझिस्टरच्या आधी, जिथं मधे काहीच असायला नको, तिथं बल्ब लाल, मेल्यासारखा. भावाच्या मीटरला याच वाटेवर, पुढं कॉइलवर, 12.5 दिसले होते, कारण तेव्हा पॉइंट उघडे होते आणि वायरीतून काही वाहतच नव्हतं. रेझिस्टर आणि कॉइल मिळून तीनेक ओहम. वाटेत तेवढाच अडथळा बसला तर निम्मा जोर वाटेतच संपतो. उरलेल्यात ठिणगी पडते, पण सिलिंडरच्या दाबाखाली ती टिकत नाही.

चावीपासून कॉइलपर्यंत वायर किती लांब असावी? डॅशबोर्ड ओलांडून, पत्र्यातून, पलीकडं. दोन हातसुद्धा नाही. मिस्त्रींनी चावीमागची वायर हलके ओढली तर ती पुढं न जाता खाली हलली. रबरी मॅट उचलली. वायर फळीच्या कडेनं, खिळ्यांखालून, बैठकीकडं गेली होती, आणि तिच्या शेजारून तसलीच काळी वायर परत आली होती. एक जाणारी, एक येणारी. मिस्त्री हसले ते तिथंच. “आला का पावणा,” म्हणाले आणि उताणे होऊन आत घुसले. बैठकीच्या पाठीमागच्या फळीत, टूल बॉक्सच्या आड, हात वाकडा करून घातला तरच लागेल अशा जागी तो गोल स्विच होता.

युक्ती साधी आणि पायाच्या सेल्फला चपखल आहे. स्विच बंद असला तरी सेल्फ फिरतो, इंजिन फिरतं, फक्त ठिणगी पडत नाही. नेणारा पाय दाबत बसतो. त्याला वाटतं आज गाडीला थंडी लागलीय, पेट्रोल चढत नाहीय. दाबून दाबून बॅटरी उतरते, आवाजानं घर जागं होतं, आणि मालक अंथरुणात पडल्या पडल्या ओळखतो की कोण कुठं बसलंय. पुरात त्या स्विचमध्ये गाळ शिरला, पितळ हिरवं पडलं, आणि इतक्या वर्षांनी तो आपोआप, अर्धवट, बंद झाला.

त्या दुपारी मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली, तिच्याकडं तेव्हा माझं नीट लक्ष नव्हतं. स्विचच्या दोन्ही वायरींवर, वीतभर अलीकडं, कापड सोलून कुणीतरी जोड दिला होता. दोन जोडांच्या मधे एक आखूड वायर होती. ही वायर लावली की स्विच चालू असो की बंद, करंट तिच्यावरून निघून जातो. जोड सफाईचे नव्हते. डाख नाही, नुसता पीळ, वर पायजम्याच्या कापडाची चिंधी. आणि ही आखूड वायर मधोमध तुटलेली होती. “तुटलेली न्हाई ओ, तोडलीया. बघा, दोन्ही टोकं सपाट. पक्कडनं तोडलीया.” तोडणाऱ्यानं ती काढून टाकली नव्हती. दोन्ही टोकं तशीच, एकमेकांकडं तोंड करून ठेवली होती.

आईला मी स्विच दाखवला तेव्हा ती गवार मोडत होती. तिनं तो हातात घेतला, दांडी वर-खाली केली, नाकाजवळ नेला. “मागच्या फळीत हुता नव्हं?” मी गार. पुरानंतरची ती सगळी धावपळ, सेल्फ उतरवणं, चढवणं, फोन, मिस्त्री शोधणं, सगळं हिच्यासमोर चाललं होतं. मी म्हटलं, अगं, तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? “तू सेल्फ, सेल्फ करत होतीस. करंटचं कुठं विचारलंस?” मग शेंगांच्या ढिगाकडं बघत सांगू लागली. आबा, म्हणजे आजोबा, रात्री जेवून उठले की तिला नुसते डोळ्यांनी खुणावायचे. ती अंगणात हात धुवायला गेल्यासारखी जायची, केबिनमध्ये चढायची, हात घालायची. तिचा हात बारीक होता, मोठ्या माणसाला ते अवघड. पहाटे तीच जाऊन चालू करायची. नऊ-दहा वर्षांची असेल. आईला सांगायचं नाही, भावांना सांगायचं नाही. “सांगितलं न्हाई कधी. आबांनी परत विचारलंसुद्धा न्हाई की सांगितलंस का.”

हे सांगताना तिचा आवाज ज्या तऱ्हेनं उंचावला त्यात अभिमान होता. मलाही क्षणभर तो वाटला. मग वाटलं, ज्या पोरीवर आजोबांनी गाडीचं कुलूप सोपवलं, तिला गाडी काही शिकवली नाही. मामा शिकले, धाकटे मामा शिकले, घरगडी शिकला. आई आजही स्कूटीच्या मागं दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसते. मी हे तिला बोलून दाखवलं. “तवा कुठं बायका ट्रक चालवत हुत्या?” म्हणाली आणि शेंगेचा देठ जरा जास्तच जोरानं मोडला.

मग मामा. थोरले मामा आता ऐंशीला टेकलेत, कानाला कमी येतं, बाकी ठणठणीत. घरातला तो माणूस तेच, हे आईनं सांगायची गरज नव्हती. ऐन विशीत मामांना सिनेमाचा नाद लागला होता. हे कोल्हापूर, जयप्रभा स्टुडिओच्या फाटकासमोर तासन् तास उभं राहणारी पोरं त्या काळी गल्लोगल्ली होती. मामा उभे राहण्यावर थांबले नाहीत. बाहेरच्या चित्रीकरणाचं सामान, लाकडी पेट्या, केबलचे वेटोळे, रातोरात पन्हाळ्यावर पोचवायचे असायचे, आणि मामांच्या घरी ट्रक होता. पैसे घेत नव्हते म्हणे. सकाळी नटनट्या लांबून दिसायच्या, तेवढ्यावर खूश. उजाडायच्या आत गाडी परत अंगणात. आजोबांना कळलं ते रेडिएटरमुळं. पहाटे उठून त्यांनी सहज हात लावला तर कोमट. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून स्विच आणला.

पुढच्या रविवारी मामा आले तेव्हा मी त्यांना ती तुटकी आखूड वायर दाखवली. चिंधीसकट. मामांनी चष्मा वर केला, चिंधी बोटांनी चुरगाळली. “माझ्या लेंग्याची हाय.” बस. पाच-दहा मिनिटं गेली, मग आपणहून बोलले. गाडी फिरतीय पण पेटत नाही हे दोन रात्री झालं, तिसऱ्या रात्री त्यांनी काडेपेटीच्या उजेडात वायर हुडकली. पेट्रोलच्या गाडीत, काडेपेटी! स्विच चालू केला तर आबांना कळेल, म्हणून स्विचला हात न लावता बाजूनं वायर मारली. महिनाभर निवांत चाललं. आबा रोज रात्री समाधानानं झोपायचे, आई इमानानं स्विच बंद करायची, आणि गाडी पन्हाळ्याला जायची. “मग एक दिवस परत पेटंना. बघितलं तर तोडलेली.”

मी विचारलं, मग आजोबा काही म्हणाले? मामांनी मान हलवली. नाही. आणि तुम्ही? नाही. तुम्ही पुन्हा का नाही जोडली? यावर ते बराच वेळ ट्रककडं बघत बसले, आणि म्हणाले, हॉर्न वाजतो का बघ गं.

बाप-लेक त्यानंतर वीसेक वर्षं एका घरात राहिले. एका ताटात जेवले म्हणता येईल इतके जवळ. मला आठवणारे आजोबा आणि मामा एकमेकांशी गुळाच्या भावाबद्दल, पावसाबद्दल, डॉक्टरबद्दल बोलायचे. एकमेकांबद्दल एक अक्षर नाही. माझा या गप्प बसण्यावर राग आहे, तो लपवत नाही. आमच्यातल्या कितीतरी गोष्टी याच चालीनं चालतात: एकानं गुपचूप स्विच बसवायचा, दुसऱ्यानं गुपचूप वळसा घालायचा, पहिल्यानं गुपचूप तोडायचा, आणि सगळ्यांनी मिळून पोहे खायचे. आणि तरी ती तोडलेली टोकं बघितल्यावर राग पुरता टिकत नाही. आजोबांना ती वायर उपटून चुलीत घालता आली असती. स्विचची जागा बदलता आली असती. त्यांनी मुलाच्या हातचा पीळ, मुलाच्या लेंग्याची चिंधी जागच्या जागी ठेवली आणि मधे एकदाच पक्कड चालवली. यात मी जास्त वाचतेय असं भाऊ म्हणतो. त्याच्या मते आजोबांना वेळ नव्हता. असेलही. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे?

मिस्त्रींनी कॉइलची वायर नवी ओढली, जाड, तांबडी, चावीपासून सरळ. चेसिसचा रंग ब्रशनं उघड्या लोखंडापर्यंत खरवडला, दात्यांचा वॉशर घातला, नवी पट्टी पिळली आणि वर ग्रीस फासलं. बल्ब रेझिस्टरच्या आधी लावला तर डोळे दिपले. जुनी काळी वायर, तिचे जोड, चिंधी, सगळं त्यांनी गुंडाळून कोपऱ्यात टाकलं होतं, ते मामांनी जाताना खिशात घातलं. मी बघितलं, ते त्यांना कळलं नाही. स्विच ठेवायचा की काढायचा हे मिस्त्रींनी मला विचारलं. मी काढा म्हणणार होते. एवढं सगळं झाल्यावर पुन्हा तेच कशाला? तेवढ्यात आई दारातून म्हणाली, “ऱ्हाऊ दे. नातू सोळाचा झालाय.” मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. चिरंजीव त्या वेळी ड्रायव्हरच्या जागेवर बसून चोकची दांडी आत-बाहेर करत होते. नवा स्विच बसला. कुठं ते लिहीत नाही.

पहिल्या दाबाला इंजिन पकडलं. सहाही सिलिंडर एका सुरात, मधे मधे एखादी उचकी. मिस्त्री म्हणाले कार्बोरेटर सेट करावा लागेल, तो त्यांचा प्रांत नाही. गाडी शेडबाहेर काढली, रस्त्यापर्यंत नेली, मागं आणली. मामा शेजारी बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला “हळू गं” म्हणत होते. हॉर्न वाजला. डॅशबोर्डवरचा अँपियरचा काटा मात्र इंजिन वाढवलं तरी मायनसकडंच झुकलेला, म्हणजे डायनामो चार्जिंग करत नाही. डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा कटआऊट चिकटला असेल नाहीतर डायनामोच्या फील्डची वायर गेली असेल, उतरवल्याशिवाय सांगता येणार नाही. मिस्त्रींनी त्यासाठी गुरुवार दिलाय, आणि पोराला सांगून गेलेत की तोवर बॅटरीचा मायनस सोडून ठेव.